मदत हवी आहे: कीर्तनाचा व्हिडिओ उतरवला, पण आवाज एकीकडे नि चित्र दुसरीकडे

आई गावी असते, राजापूरच्या आत. तिथे रेंज शोधायला मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसावं लागतं. गावच्या देवळातलं कीर्तन यूट्यूबवर आहे, अडीच तासांचं. ते पेनड्राइव्हवर घालून गणपतीला न्यायचंय. देवस्थानची नि बुवांची परवानगी घेतली आहे. पण ज्या पोराने ते चढवलं त्याच्याकडे मूळ फाइल उरलेली नाही, फोनच बदलला म्हणे!

मोबाइल ॲपमधलं 'डाउनलोड' करून पाहिलं. ते ॲपच्या बाहेर काढताच येत नाही, म्हणजे टीव्हीसाठी शून्य उपयोग. मग लॅपटॉपवर (विंडोज १०) वायटी-डीएलपी (यूट्यूबवरचे व्हिडिओ उतरवायचा प्रोग्राम) चालवलं. दोन फाइली आल्या: एक १०८०पी चित्राची, मुकी, दुसरी नुसत्या आवाजाची. कमांडच्या काळ्या खिडकीत एफएफएमपेग (चित्र नि आवाज जोडणारा प्रोग्राम) नसल्याची तक्रार दिसते. ते झिप उतरवून उघडलं, पण त्यातली एक्झी (प्रोग्रामची फाइल) नेमकी कुठे ठेवायची? वायटी-डीएलपीच्याच फोल्डरमध्ये चालेल का?

दुसरं, आमचा टीव्ही जुना आहे, वेबएम प्रकारची व्हिडिओ फाइल ओळखतच नाही. सुरुवातीलाच एच २६४ (जुन्या टीव्हीलाही चालणारा व्हिडिओ प्रकार) आणि एमपी४ फाइल मागायची कमांड कशी लिहायची? ७२०पी पुरे, आईला बुवांचा चेहरा दिसला म्हणजे झालं. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यामुळे फाइल ४ जीबीच्या आत हवी.

'फुकट कन्व्हर्टर' वाल्या साइट कृपया सुचवू नका. एकीवर गेलो तर तीन नव्या खिडक्या नि एक रमीची जाहिरात उघडली. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतोय.