मदत हवी आहे: सॉर्ट केलेली यादी त्याच फाइलीत पाठवली, फाइल रिकामी झाली

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात राहते. आमच्या मंडळाच्या छोट्या वाचनालयातल्या मराठी पुस्तकांची यादी बाबांनी आणि मी दोन उन्हाळे बसून केली. साधी टेक्स्ट फाइल, ओळीला एक पुस्तक. उबुंटू (लिनक्स), बॅश शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम. काल ती अकारविल्हे लावायला हे दिलं:

सॉर्ट यादी > यादी

काही तक्रार न करता प्रॉम्प्ट परत आला. उघडून बघते तर शून्य बाइट! पेनड्राइव्हवर दिवाळीतली प्रत आहे, पण त्यानंतरची साठेक पुस्तकं कपाटापुढे बसून पुन्हा लिहावी लागतील. ते करीन. बाबांना मात्र अजून सांगितलेलं नाही. सॉर्टने वाचायच्या आत फाइल पुसली कुणी, हे कळल्याशिवाय पुन्हा हात लावायचा धीर होत नाही.

आणखी एक. जुन्या प्रती शोधायला हे चालवलं:

फाइंड / -नेम 'यादी*' 2>&1 > सापडल्या

तरी 'परमिशन डिनाइड'च्या ओळी पडद्यावरच येत राहिल्या. असं का?

प्रतिसाद १
ताई, पुसली ती शेलने. > दिसलं की शेल आधी ती फाइल लिहायला उघडतो, आणि उघडतानाच रिकामी करतो. सॉर्ट त्यानंतर सुरू होतो, तोवर वाचायला काही उरलेलंच नसतं. सॉर्टपुरता उपाय सोपा आहे: सॉर्ट -ओ यादी यादी. यात तो सगळं वाचून झाल्यावरच लिहायला घेतो. ग्रेपला (ओळी शोधणाऱ्या आज्ञेला) अशी सोय नाही. तिथे नव्या नावाने लिहा, डोळ्यांखालून घाला, मग एमव्ही या आज्ञेने नाव बदला. शिवाय बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलीत) 'सेट -ओ नोक्लॉबर' घालाच. मग > आधीपासून असलेल्या फाइलीवर लिहायला नकार देतो. मुद्दाम लिहायचं असेल तेव्हा >| वापरायचं.

फाइंडचं म्हणाल तर शेल ही चिन्हं डावीकडून उजवीकडे वाचतो. 1 म्हणजे आज्ञेचं नेहमीचं आउटपुट, 2 म्हणजे चुकांचे संदेश. 2>&1 म्हणजे '1 आत्ता जिथे जातोय तिथेच 2 ला पाठव'. तुम्ही ते लिहिलंत तेव्हा 1 पडद्याकडे होता, म्हणून चुकांच्या ओळी पडद्यावरच राहिल्या. आधी > सापडल्या, मग 2>&1.

मूळ प्रश्नकर्ती
फार आभार! दोन्ही जमलं. मग 'सॉर्ट यादी | टी यादी' चालेल का? नोक्लॉबर आता आहेच.

प्रतिसाद २
नको, ताई. टी (आलेला मजकूर पडद्यावर आणि फाइलीत दोन्हीकडे लिहिणारी आज्ञा) फाइल स्वतः उघडतो, तिथे नोक्लॉबर लागू होत नाही. पाइपच्या (| या चिन्हाच्या) दोन्ही बाजूंच्या आज्ञा एकदमच सुरू होतात, तेव्हा सॉर्टने वाचायच्या आत टीने यादी रिकामी केलेली असू शकते. लहान फाइलीवर एखादे वेळी नीट चालेलही, त्यावर विसंबू नका.