मदत हवी आहे: गाड्यांच्या गणितात लांबी एकीची कधी, दोघींची कधी?

नमस्कार, पोलीस भरतीची तयारी करतेय. ग्राउंड झालं, आता लेखी. १०० प्रश्न, ९० मिनिटं. गाडीच्या एका गणितात चार मिनिटं गेली की पुढचं सगळं कोलमडतं.

समोरासमोर आल्या तर वेगांची बेरीज, एकाच दिशेने असतील तर वजाबाकी, ताशी किमीला ५/१८ ने गुणलं की मीटर प्रतिसेकंद, एवढं पक्कं आहे. अडतं ते इथे. कालच्या सराव पेपरातला प्रश्न:

"१८० मी. लांबीची प्रवासी गाडी ताशी ४५ किमी वेगाने जात आहे. तिच्यात खिडकीशी बसलेल्या मुलीसमोरून विरुद्ध दिशेने येणारी २२० मी. लांबीची मालगाडी ८ सेकंदांत निघून जाते. मालगाडीचा वेग किती?"

मी १८० आणि २२० ची बेरीज केली. ४०० भागिले ८ म्हणजे ५०, ताशी १८०, त्यातून ४५ गेले, १३५. पर्यायांत १३५ होतं, गोल रंगवून मोकळी झाले. उत्तर निघालं ५४! स्पष्टीकरणात नुसतं "२२०/८". आपल्या गाडीची लांबी गेली कुठे? प्लॅटफॉर्मच्या गणितात तर दोन्ही धरतो. सूत्र नको, कारण सांगा.

प्रतिसाद:
ताई, घड्याळ कधी सुरू झालं आणि कधी थांबलं ते बघा. मालगाडीचं इंजिन मुलीच्या डोळ्यांसमोर आलं तेव्हा सुरू, गार्डाचा डबा पुढे गेला की बंद. तेवढ्यात तिच्यासमोरून २२० मीटरच सरकले. तिच्या मागेपुढे किती डबे आहेत, त्याचा इथे संबंधच नाही. २२०/८ म्हणजे २७.५, ताशी ९९. हा दोघींचा मिळून वेग. ४५ वजा, ५४.

"गाड्या एकमेकींना ओलांडतात" असं लिहिलं असेल तेव्हा घड्याळ इंजिनासमोर इंजिन आल्यापासून शेवटचे डबे सुटेपर्यंत चालतं, म्हणून दोन्ही लांब्या. प्लॅटफॉर्म म्हणजे जागेवर उभी गाडीच समजा. खांब असेल तर एकच लांबी. आणि मालगाडी ताशी १३५ ने धावेल का, हेही गोल रंगवण्याआधी मनाला विचारा.

प्रश्नकर्ती:
आत्ता डोळ्यांसमोर आलं! स्वतःच एक बनवलं: तीच मालगाडी त्याच दिशेने ताशी २७ ने जातेय, आमची गाडी तिला मागे टाकतेय. फरक १८, म्हणजे ५ मी. प्रतिसेकंद. मुलीला ती पूर्ण मागे पडायला २२०/५, ४४ सेकंद. आणि आमची अख्खी गाडी तिच्यापुढे जायला ४००/५, ८० सेकंद. बरोबर ना?

प्रतिसाद:
दोन्ही बरोबर.