मदत हवी आहे: मृत्युपत्रातल्या ‘परंतु असे की’चा नेमका अर्थ काय, आणि ही भाषा आली कुठून?

नमस्कार मंडळी. मावशी गेली त्याला दोन महिने झाले, तिचं मृत्युपत्र काल पहिल्यांदा नीट वाचायला घेतलं आणि एका वाक्यापाशी अडकलेय. "सदर घर माझ्या भाचीस मिळावे, परंतु असे की तिने माझ्या धाकट्या बहिणीस हयातभर त्याच घरात राहू द्यावे." भाची म्हणजे मी, धाकटी बहीण म्हणजे माझी दुसरी मावशी. ती तिथेच राहणार, त्याबद्दल वाद नाहीच. पण घर आत्ता माझं झालंय का? एक काका म्हणतात 'परंतु' आला की अट पूर्ण होईपर्यंत काही मिळत नाही, दुसरे म्हणतात मिळालं, पण अट मोडलीस तर जाईल. पहिलं खरं असेल तर अट पूर्ण होणार ती मावशी गेल्यावरच, आणि तो विचारच मला नको वाटतो.

शिवाय एकीकडे "कलम ४ च्या अधीन राहून" आहे, शेवटी "वर काहीही नमूद असले तरी" आहे. साध्या जर-तरनं भागलं नसतं का? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

---

प्रतिसाद:

ताई, तुमच्या दोन्ही काकांनी सांगितलेत ते अटींचे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि दोन्ही खरंच असतात. एकात आधी अट, मग हक्क (वकील त्याला कंडिशन प्रिसीडेंट म्हणतात), दुसऱ्यात हक्क आत्ताच मिळतो आणि अट मोडली तर जाऊ शकतो, ती कंडिशन सबसिक्वेंट. पहिला प्रकार फार जुना आहे. रोमन कायद्यात "आशियातून जहाज आलं तर इतकं देईन" अशी वचनं असायची, इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या काळात विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक निघालं त्यात "टिटियस कॉन्सल (रोमचा वरिष्ठ पदाधिकारी) झाला तर" असं उदाहरण आहे. जहाज येईपर्यंत मागता काहीच येत नाही.

तुमच्या वाक्यात मात्र "मिळावे" आधी आलंय आणि अट पुढच्या वागण्याची आहे, आयुष्यभर पाळायची. त्यामुळे मला तरी हे दुसऱ्या बाजूचं वाटतं. शंका असेल तिथे हक्क लगेच मिळाला असं मानण्याकडे कोर्टाचा कल असतो, पण ते सगळं मृत्युपत्र एकत्र वाचून ठरवतात, एकटा 'परंतु' बघून नाही. कधी कधी तर अशा वाक्याला अट न म्हणता मावशींना दिलेला राहण्याचा स्वतंत्र हक्क असंही धरतात, मग मोडल्यावर घर जाण्याचा प्रश्नच वेगळा होतो. मूळ कागद वकिलाला दाखवाच.

आता शब्दांचं. "परंतु असे की" हे लॅटिन "प्रोव्हिसो क्वोद"च्या वळणाचं, म्हणजे "अशी तजवीज ठेवून की". इंग्रजीत त्याचं प्रोव्हायडेड दॅट झालं आणि आपल्याकडे परंतुक. त्याचं मूळ काम आधीच्या वाक्यातून अपवाद काढायचं, पण लिहिणाऱ्यांनी त्यात अट, नवा नियम, खुलासा, सगळंच कोंबलं, म्हणून आज तो शब्द पाहून अर्थ ठरत नाही. जर-तर वापरलं असतं तर निदान काय आधी नि काय नंतर ते दिसलं असतं हे तुमचं अगदी बरोबर आहे. "अधीन राहून" म्हणजे कलम ४ शी टक्कर झाली तर कलम ४ जिंकणार.

---

धागाकर्ती:

खूप खूप आभार, रात्रभर जे डोक्यात फिरत होतं ते जरा बसलं. शेवटचं वाक्य पूर्ण देते: "वर काहीही नमूद असले तरी, माझ्या बहिणीच्या लेखी संमतीवाचून घर विकू नये." हे सगळ्याच्या वर जातं का?

---

प्रतिसाद:

हो, त्या वाक्याचं कामच ते. लॅटिनमध्ये "नॉन ऑब्स्टांटे", म्हणजे "आड न येता". आधी पोपच्या फर्मानांत होतं, मग इंग्लंडचे राजे तेच लिहून कायद्यातून सूट द्यायला लागले, १६८९ च्या बिल ऑफ राइट्सनं राजाचा तो अधिकार काढून घेतला पण शब्द दस्तऐवजांत राहिले. हे कलम वरच्या कलमांवर मात करतं, पण जिथे विरोध असेल तिथेच. विक्रीची गोष्ट आली की मावशींची लेखी संमती आधी, बाकी मृत्युपत्र जसंच्या तसं. आणि हे वाक्य वकिलाला आवर्जून दाखवा, कारण संमतीवाचून विकू नये असं तुम्हाला सांगितलंय याचा अर्थ घर तुमचंच धरून लिहिलंय असं वाचता येतं.