ॲग्लोनिमाच्या मुळांवर पांढरा कापूस, पिठ्या ढेकूणच का? मदत हवी आहे

घरातल्या लाल ॲग्लोनिमाला पावसाळ्यापासून पिठ्या ढेकूण (मिलीबग) लागला आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके, खालची पानं चिकट आणि कुंडीवर मुंग्यांची ये-जा. झाड पुण्यात, फ्लॅटच्या हॉलमध्ये, पूर्वेच्या खिडकीजवळ आहे. माती कोकोपीट, गांडूळखत आणि परलाइटची (पांढरे, हलके खडे). वरची माती वाळल्यावरच पाणी देते.

७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून पुंजके पुसले. दर आठवड्याला संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली, थोडा लिक्विड साबण घालून पानांच्या खालूनही फवारते. पानं स्वच्छ होतात, पण पंधरवड्यात कीड परत दिसते. झाड बाकीच्यांपासून वेगळं ठेवलं आहे.

म्हणून काल कुंडीतून काढून पाहिलं. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरट मेणासारखा थर आहे. परलाइट नाही, कारण बोटाने चोळल्यावर तो पुसला जातो. हलणारं काही दिसलं नाही. मुळं घट्ट आहेत, कुजलेली नाहीत.

घरात रांगतं बाळ आहे, त्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही (झाडात शोषलं जाणारं) कीडनाशक औषध नको. झाड टाकून द्यायचीही अजिबात इच्छा नाही, नवीन कोंब येतो आहे.

हा मुळांवरचा पिठ्या ढेकूणच आहे, की बुरशी किंवा खताचे क्षार, हे घरच्या घरी नक्की कसं ओळखायचं? आणि कीडच असेल तर सगळी माती धुऊन, मुळं साबणाच्या पाण्यात बुडवून नव्या मातीत लावलं तर कोंबाला धक्का न लागता झाड तगेल का?