शब्दचर्चा : श्रद्धा ‘उडते’, ‘आटते’ की ‘सुटते’?

विचारणा (फोंडा)

फोंडा तालुक्यातील एका शाळेत मी मराठी शिकवते. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्या घरातील बाय माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत. घरात कोकणी बोलतात, पण लहानपणी मराठी शाळेत शिकल्यामुळे मराठी पुस्तके अजूनही नेमाने वाचतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा रक्ताच्या कर्करोगाने गेला. तिशीही ओलांडली नव्हती त्याने. बायची परवानगी घेऊन मी त्यांच्याविषयी एक लेख लिहीत आहे आणि त्यात मी लिहिले होते, ‘मुलाच्या मृत्यूनंतर त्यांची देवावरची श्रद्धा उडाली.’ बायनी ते वाचले, चष्मा काढून कागदावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘भावार्थ वचूंक ना गो. दुखता.’’ श्रद्धा गेलेली नाही, ती दुखते आहे.

त्यांच्या घरी रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. माळेच्या टोकाचा खुरीस, म्हणजे क्रूस, हातात धरून आधी ‘सत मानतां’ म्हणायचे असते. हा ख्रिस्ती श्रद्धेचा उच्चार असून त्या कोकणी शब्दांचा सरळ अर्थ ‘मी सत्य मानतो’ असा आहे. मुलगा गेल्यापासून बाय खुरीस हातात घेतात, घरातली माणसे ‘सत मानतां’ म्हणत असताना ओठ मिटून बसून राहतात, आणि ते संपले की पहिल्या मण्यावर बोट सरकवून ‘आमच्या बापा’पासून सर्वांबरोबर म्हणू लागतात. जे आज खरे वाटत नाही ते देवासमोर खरे म्हणून सांगायचे नाही, एवढाच त्यांचा नेम आहे. तेर्स मात्र एक दिवसही चुकलेली नाही.

या अवस्थेला मराठीत काय म्हणावे? ‘नास्तिक’ हा शब्द येथे लागू पडत नाही, ‘अश्रद्ध’ तर उद्धट वाटतो. ‘संशय’ जवळचा आहे, पण मराठीत तो शब्द माणसांच्या चारित्र्यावर आणि पोलिसांच्या कागदावर इतका वापरला गेला आहे की बायच्या संदर्भात लिहिताना हात थांबतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (म्हापसा)

बाई, आपल्या वाक्यातील अडचण क्रियापदात आहे, असे मला वाटते. ‘विश्वास उडणे’ आपण केव्हा म्हणतो? भागीदाराने फसवले, पुढाऱ्याने शब्द फिरवला, वैद्याचे औषध उलटले, की त्याच्यावरचा विश्वास उडतो. म्हणजे या प्रयोगात दोष समोरच्याचा असतो. ‘देवावरची श्रद्धा उडाली’ असे लिहिताना आपण नकळत देवाला आरोपी करतो, आणि बायनी तसा आरोप केला आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. याच्या उलट ‘श्रद्धा ढळली’ किंवा ‘डळमळली’ असे लिहिले, तर बोट माणसाकडे वळते, कारण जे अढळ राहायला हवे होते ते ढळले, असा उणेपणा त्यात येतो. मुलगा गमावलेल्या आईच्या पदरात आणखी एक उणेपणा घालू नये, असे मला मनापासून वाटते.

‘गमावली’ आणि ‘हरवली’ यांतही असेच अंतर आहे. गमावलेली वस्तू परत मिळत नाही आणि त्यात आपल्या निष्काळजीपणाची छटा असते. हरवलेली वस्तू मात्र कुठेतरी असते. इंग्रजीच्या छायेत ‘श्रद्धा गमावली’ हा प्रयोग आपल्याकडे रुळला आहे, परंतु तो बहुतेक वेळा विचार न करता केला जातो.

माझा कौल ‘आटणे’ या क्रियापदाला आहे. चैत्र-वैशाखात आमच्या वाड्यावरील विहिरी तळ दाखवतात. खालचा चिखल दिसतो, कळशी खडकावर आपटल्याचा आवाज येतो, तरी विहीर बुजवावी असे कोणी म्हणत नाही. पाऊस अमुक दिवशी येईल अशी हमी ‘आटणे’ या शब्दात नाही आणि येणार नाही असेही त्यात नाही. जिथे पाणी होते तिथे आज ते नाही, इतकेच तो सांगतो.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती मला स्वतःला फार उशिरा कळली. मराठी बायबलात विश्वास ‘ठेवला’ जातो किंवा ‘धरला’ जातो. म्हणजे ती माणसाने करायची कृती आहे. बोलीत मात्र आपण ‘विश्वास बसत नाही’ असेही म्हणतो, आणि बसणे वा न बसणे आपल्या हातात नसते. कोणाच्या मृत्यूची बातमी कळली की पहिल्यांदा तोंडातून हेच निघते, ‘विश्वास बसत नाही’. मुलाच्या मृत्यूवर विश्वास बसत नाही आणि त्याच दिवसापासून देवावरही बसत नाही. दोन्ही वाक्यांतील असहायता एकाच क्रियापदाने बोलून दाखवली आहे. दुःखी माणसाला ‘विश्वास ठेवा’ असे सांगणारे लोक ‘ठेवणे’ आणि ‘बसणे’ यांतील हे अंतर विसरतात.

उत्तर (पणजी)

क्रियापदांचा विचार वर उत्तम झाला आहे, तेव्हा मी नामांविषयी लिहितो.

बायनी वापरलेला ‘भावार्थ’ हा शब्द आपण परका समजू नये. आज मराठीत त्याचा अर्थ ‘तात्पर्य’ एवढाच उरला असला, तरी जुन्या भक्तिपर मराठीत मनापासूनचा भाव, निर्मळ निष्ठा या अर्थानेही तो येतो. गोव्यातील ख्रिस्ती कोकणीने तो अर्थ जपला आहे आणि तेथे श्रद्धावंताला ‘भावार्थी’ म्हणतात. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथा मराठी ओवीत रचली आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ म्हणजे संतांच्या भाषेने ख्रिस्ती घरात केलेला प्रवेश होय. त्यामुळे बायच्या ‘भावार्थ’ या शब्दावर आपला सर्वांचा हक्क आहे, आणि लेखात तो तसाच ठेवावा अशी माझी विनंती आहे.

‘संशय’ टाळण्याचे आपले कारण पटते, तरी या शब्दाचा एक सन्मान नोंदवतो. भारतीय तर्कपरंपरेतील न्यायदर्शनाने मांडलेल्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, ‘संशय’ हा एक आहे. तिथे तो दोष मानलेला नाही, कारण विचाराची सुरुवात त्याच्यापासून होते. गीतेने मात्र संशयात्मा नाश पावतो असे म्हटले, आणि मराठी मनावर त्या वचनाचा पगडा अधिक राहिला.

त्याऐवजी कोकणीतील ‘दुबाव’ पाहावा. त्यातील ‘दु’ म्हणजे दोन. भाव दुभंगून दोन झाला, हे चित्र त्यात सहज दिसते. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालता चालता बुडू लागतो तेव्हा येशू त्याला विचारतो की तू संशय का धरलास. तेथील मूळ ग्रीक क्रियापदाच्या पोटातही ‘दोन’ हाच अर्थ आहे. त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी, पुनरुत्थित येशू समोर उभा असताना शिष्य त्याला नमन करतात आणि काहींना संशय येतो, तिथेही तेच क्रियापद वापरलेले आहे. नमन आणि दुबाव ही दोन्ही एका वाक्यात शेजारी शेजारी आहेत आणि संशय आलेल्यांना तिथून कोणी हाकलून दिलेले नाही. बायच्या तेर्सचे वर्णन वाचताना मला हेच वाक्य आठवले.

‘विश्वास’ या शब्दात ‘श्वास’ आहे. भय नसल्यामुळे मोकळा श्वास घेता येणे, असा त्याचा मूळ भाव आहे. रुग्णाच्या उशाशी ज्याने रात्री काढल्या आहेत, त्याला हा शब्द व्युत्पत्ती न सांगताही कळतो.

ख्रिस्ती परंपरेत अशा अवस्थेला जागा नाही असा एक समज आहे, त्याविषयीही थोडे लिहितो. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते. शेवटी दिलासा देणारी ओळ येत नाही. ईयोबाच्या ग्रंथात देव अखेरीस ईयोबाच्या मित्रांवर रागावतो, ज्यांनी त्याच्या दुःखाची कारणे शोधून दिली होती. तक्रार करणारा ईयोब योग्य बोलला, असे तो म्हणतो. मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली, प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेक दशके त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, हे जगाला कळले. धर्मशास्त्रात या अवस्थेसाठी ‘आत्म्याची काळोखी रात्र’ असा शब्दप्रयोग आहे. तथापि तो संतांच्या चरित्रात शोभतो. फोंड्यातील एका आईच्या संध्याकाळसाठी तो मला जड वाटतो.

उत्तर (डिचोली)

आपण सर्वजण श्रद्धेचे काय झाले हे शोधत आहोत. पण बायच्या वागण्यात मला श्रद्धेपेक्षा नाते दिसते. रोज समोर बसायचे, बाकी सगळे बोलायचे आणि नेमके एक वाक्य बोलायचे नाही, याला आपल्या घराघरांत ‘अबोला’ म्हणतात. अबोला परक्याशी होत नाही. जो आहे आणि जो आपला आहे त्याच्याशीच तो होतो. संतांना हे ठाऊक होते. जनाबाईंनी विठोबाला शिव्या दिल्या आणि दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या तुकोबांनी एका अभंगात माझ्यापुरता देव मेला असे म्हटले, तरी वारकऱ्यांनी दोघांचेही अभंग जपले. ख्रिस्ती आईच्या दुःखाला वारकरी शब्द लावणे काहींना खटकेल. परंतु वधस्तंभावरून ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे विचारणाऱ्या येशूच्या मुखातही ‘माझ्या’ हा शब्द आहेच.

उत्तर (मडगाव)

मी जन्माने ख्रिस्ती आहे. आता मी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जात नाही. वरील उत्तरे आदराने वाचली, पण माझ्यासारख्या माणसाच्या वतीने एक हरकत नोंदवली पाहिजे.

माझी पत्नी चौदा महिने अंथरुणावर होती. त्या काळात घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे माझ्यासाठी एक शब्द होता. कोणी ‘देवाची खुशी’ म्हणत, कोणी ‘परीक्षा’ म्हणत. ‘परीक्षा’ या शब्दात ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे, हा धातू आहे. तिच्या अंगावर शय्याव्रण झाले होते आणि मी दर दोन तासांनी तिची कूस बदलत होतो. त्या रात्रींमध्ये कोणीतरी पाहत आहे, अशी जाणीव मला एकदाही झाली नाही. ती गेल्यावर लोक म्हणू लागले की मी देवावर रुसलो आहे आणि राग ओसरला की परत येईन. मी रुसलेलो नाही. रुसायला समोर कोणीतरी लागते. ‘अबोला’ हा शब्द ऐकणाऱ्याला धीर देतो, कारण त्यात परतीची वाट आहे; माझ्या बाबतीत तो लावला तर माझ्या म्हणण्यावर दुसऱ्याची आशा चढवल्यासारखे होते.

माझा शब्द ‘सुटली’ हा आहे. ‘मी श्रद्धा सोडली’ असे मी कधीच म्हणत नाही, कारण सोडण्यासाठी निश्चय करावा लागतो आणि मी तो केलेला नव्हता. हात धरलेला असावा आणि घामाने, थकव्याने, बोटांतली शक्ती संपल्याने तो सुटावा, तशी ती सुटली. ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ यांतील हे अंतर मराठीत आणि कोकणीतही एका स्वरावर आणि एका व्यंजनावर उभे आहे आणि माझे सगळे सांगणे त्या दोन ध्वनींत आहे. मागच्या गुड फ्रायडेला इगर्जीतील घंटा बंद होत्या आणि घंटेऐवजी वाजवतात त्या लाकडी खटखट्याचा आवाज घरापर्यंत येत होता. पूर्वी त्या आवाजाने माझ्या पोटात कालवत असे. या वेळी मी स्वयंपाकघरात पेज ढवळत होतो आणि तो आवाज फक्त लाकडाचा होता.

बायना माझा नमस्कार सांगावा. त्यांची अवस्था माझ्यासारखी नाही, हे त्यांच्या एका वाक्यावरून कळते, कारण त्यांचे दुखते आहे. माझे दुखणे पत्नीसाठी आहे, देवासाठी नाही. म्हणूनच दोघांसाठी एकच शब्द योजू नये.

विचारणा करणारीकडून (फोंडा)

सर्वांचे आभार. मडगावच्या गृहस्थांचे उत्तर मी बायना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी त्यांच्या पत्नीचे नाव विचारले. मला ते ठाऊक नव्हते. नाव कळले असते तर तेर्समध्ये घेतले असते, असे त्या म्हणाल्या, आणि लगेच विचारू लागल्या की त्या गृहस्थांना ते आवडेल का. आपण कळवाल तसे करू.

‘आटणे’ हा शब्द त्यांना आवडला, पण तो आपला नव्हे असे त्यांचे म्हणणे पडले. ‘दुबाव’ त्यांनी मान्य केला, मात्र तो त्यांना मुलाच्या आजारपणातील पहिल्या महिन्यांचा शब्द वाटतो, जेव्हा रोज संध्याकाळी तपासणीचे आकडे येत आणि त्या आकड्यांबरोबर मन दोन्हीकडे जात असे. ‘अबोला’ ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. म्हणून मी वाक्य बदलून लिहिले, ‘मुलाच्या मृत्यूनंतर त्यांनी देवाशी अबोला धरला आहे’, आणि कागद पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. या वेळी त्यांनी माझ्या हातातील पेन घेतले आणि ‘त्यांनी’ व ‘धरला’ हे दोन शब्द खोडले.

‘‘कोणें धरला, तें बरोवं नाका,’’ त्या म्हणाल्या.

लेखात आता वाक्य असे आहे : ‘मुलाच्या मृत्यूनंतर देवाशी अबोला आहे.’ कर्ता नसलेले हे वाक्य व्याकरणदृष्ट्या कोणाला अपुरे वाटत असल्यास कळवावे; मी ते बदलणार नाही, परंतु कारण समजून घ्यायला मला आवडेल.