नाशिकच्या पाथर्डी फाट्याला शेवटच्या मजल्यावरचा जुना फ्लॅट: कर्ज आणि गळती

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. भाड्याने देण्यासाठी टू बीएचके रीसेल फ्लॅट बघितलाय. इमारत १८ वर्षांची, मजला शेवटचा, किंमत ३० लाख. २४ लाख कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के धरलेत. अंबड एमआयडीसी जवळ असल्याने १२ हजार भाडं येईल असं एजंट म्हणतो. हॉलच्या स्लॅबला पंख्याच्या हुकाजवळ ओलीचा डाग आहे, पोपडे सुटलेत. मालक म्हणतात, गच्चीवर केमिकल मारलं की काम झालं. तेवढ्यावर भागतं का?

हिशेबनीस
आधी पैशाचं बघू. हप्ता साधारण २०,८३० बसेल आणि पहिल्या हप्त्यातले १७ हजार नुसतं व्याज. भाड्यातून मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा केली की दर महिन्याला निदान ११ हजार खिशातून जाणार. शिवाय भाडेकरू बदलताना एखाद-दोन महिने घर रिकामं राहतंच. सहा हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय यात उतरू नका.

३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण बँकेने काढलेली किंमत (व्हॅल्युएशन) कमी आली तर तोच आकडा धरते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात येत नाही, ती रक्कम स्वतःची लागते. इमारत जुनी म्हणून मुदतही २० वर्षांऐवजी कमी मिळू शकते आणि मग हप्ता वाढतो. म्हणून विसारपावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत’ हे वाक्य हवंच. भोगवटा दाखला (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आणि मागचे सगळे नोंदणीकृत करारनामे विसाराआधी बघा.

वर्षाला एक हप्ता जादा भरलात तर हे कर्ज साडेसोळा वर्षांत फिटतं. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही. भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्या.

ओळंबा
केमिकल सगळ्यात शेवटी. डाग फक्त पावसाळ्यात ओला होतो की बारमाही, हे आधी विचारा. बारमाही असेल तर वरच्या टाकीची पाइपलाइन किंवा ओव्हरफ्लो तपासा, गच्चीला दोष देऊ नका.

पावसाळ्यातच गळत असेल तर गच्चीवर जाऊन हातोडीच्या दांड्याने कोबा (स्लॅबवरचा उताराचा थर) ठोकत फिरा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे कोबा स्लॅबपासून सुटलेला असतो आणि पाणी त्या पोकळीत साठतं. वरून कोटिंग मारलं तर ते आतच अडकतं आणि भलत्याच ठिकाणी उतरतं. पंख्याचा हुक आणि वायरचा पाइप या त्याच्या ठरलेल्या वाटा, त्यामुळे डागाच्या बरोबर वर भेग सापडेलच असं नाही. पोकळ भाग फोडून नवा कोबा करावा, उतार पन्हाळीकडे (पाणी बाहेर जायच्या तोंडाकडे) १०० ला १ तरी हवा. भेगा ‘व्ही’ आकारात १० मिमी कापून पॉलिमर मॉर्टरने भराव्या. पॅरापेट (गच्चीची कठडाभिंत) आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यातला गोळा (सिमेंटची गोलाई) तुटलेला असेल तर तो पुन्हा करावा. निम्मी गळती तिथूनच असते. या नव्या कामावर सात दिवस पाणी मारा, मग पन्हाळी बुजवून ४८ तास गच्चीत पाणी साठवून ठेवा. खाली डाग ओला झाला नाही तरच कोटिंग.

हे सगळं मार्च ते मेमध्येच करा. ओल पूर्ण वाळण्याआधी पुट्टी आणि रंग लावला तर पोपडे परत येतात. आणि डागात तांबूस गंजाच्या रेघा दिसल्या तर सळई गंजतेय. मग वॉटरप्रूफिंगवाल्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

उपविधी
गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीच्या खर्चाने होते. तुमच्या न्हाणीतून होणारी गळती मात्र तुमची. करारनाम्याआधी सेक्रेटरींकडून तीन कागद घ्या: थकबाकी नसल्याचा दाखला, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडाची (मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीची) शिल्लक, आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ते दर पाच वर्षांनी करायचं असतं.

भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, तोंडी व्यवहार नको. फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही.

गोदाकाठ
सेक्रेटरी म्हणतात फंडात पैसे नाहीत.

ओळंबा
मग गच्चीच्या कामाचं कोटेशन काढा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. तुम्ही केलेला खर्च सोसायटी वर्गणीतून वळता करेल असा ठराव मात्र आधी घ्या.