झाडाच्या सालीच्या कॅनोतून तीन टन माल? लाकडी होड्या का नव्हत्या?

नदीवेडा:
कॅनडातल्या जुन्या फर व्यापाराबद्दल वाचतोय सध्या. वोयाजर म्हणजे कॅनोतून माल नेणारे कामगार, बहुतेक फ्रेंच कॅनेडियन, मे महिन्यात बर्फ वितळलं की मॉन्ट्रियलजवळच्या लाशीनहून निघायचे आणि पार लेक सुपिरिअरच्या पश्चिम टोकाला ग्रँड पोर्टेजला जायचे. पण होडी काय, तर बर्चच्या सालीची! एक दगड घासला की भोक. फर कंपन्यांकडे पैसा होता ना, मग धड लाकडी होड्या का नाही केल्या?

भटक्या७:
अरे वल्हवणं हे निम्मंच काम होतं. वाटेत धबधबा आला किंवा दोन पाण्यांच्या मध्ये जमीन आली की सगळा माल उतरवायचा, पाठीवर टाकायचा आणि होडीसुद्धा उचलून पलीकडे न्यायची, यालाच पोर्टेज म्हणायचे. मोठी कॅनो साधारण 36 फुटी, पण सालीची असल्यामुळे माणसांना खांद्यावर पेलायची. आणि भोक पडलं तर पडू दे की, दुरुस्तीचं सामान काठावरच्या जंगलात उभं आहे. बर्चची साल, शिवायला स्प्रूसची मुळं, वरून स्प्रूसची राळ तापवून सांधे बुजवायचे, झालं. लाकडी होडीची फळी फुटली तर तिथे सुतार कुठून आणणार?

अनुजा_के:
+१, फक्त हे डोकं कंपनीचं नव्हे हं. ही होडी ओजिब्वे आणि तिथल्या इतर मूळ लोकांची, शिवणं-राळ लावणं हे बरचसं बायकांचं काम, आणि फर कंपन्या त्यांच्याकडूनच होड्या घ्यायच्या. ते श्रेय कुणी देत नाही म्हणून चिडचिड होते.
बाकी मालाचं गाठोडं 90 पौंडांचं, म्हणजे जवळपास 41 किलो, आणि एका खेपेला अशी दोन! चामड्याचा पट्टा कपाळावर, ओझं पाठीवर, कमरेत वाकून जवळजवळ पळतच जायचं. हर्नियाने माणसं मरायची. शिवाय बुटकी माणसं बघून घ्यायचे कारण लांब पायांना होडीत जागा नाही.

खवचट_काका:
लाकडी होड्या नव्हत्याच असं कोण म्हणालं? हडसन्स बे या फर कंपनीच्या यॉर्क बोटी होत्या की. जड असायच्या, उचलणं शक्य नाही, मग ओंडके आडवे टाकून त्यांच्यावरून ओढत न्यायच्या. पण माणशी माल जास्त जायचा आणि टिकायच्याही. 1821 मध्ये मॉन्ट्रियलवाली नॉर्थ वेस्ट कंपनी हडसन्स बे मध्ये विलीन झाली, त्यानंतर मोठ्या मार्गांवर मालाला यॉर्क बोटीच जास्त दिसायला लागल्या. शेवटी हिशोब मजुरीचा.

नदीवेडा:
यॉर्क बोटीचं माहीतच नव्हतं, धन्यवाद काका. आणि ग्रँड पोर्टेजला पोचल्यावर पुढे काय? त्याच होड्या पुढे जायच्या का?

भटक्या७:
नाही नाही. तिथला पोर्टेज साडेआठ मैलांचा, मोठ्या कॅनो अलीकडेच थांबायच्या, फक्त गाठोडी पलीकडे. तिथून 25 फुटी छोट्या कॅनो, त्यांना पाच-सहा माणसं पुरतात, आणि ती माणसंही वेगळी, हिवाळा आत उत्तरेतच काढणारी. मॉन्ट्रियलवाले वाळवलेला मका नाहीतर वाटाणे चरबीत शिजवून खायचे म्हणून हे त्यांना ‘डुकराची चरबी खाणारे’ म्हणून चिडवायचे. यांचं स्वतःचं खाणं पेमिकन, म्हणजे बायसनचं सुकं मांस कुटून वितळलेल्या चरबीत कालवलेलं. वजनाला हलकं, महिनोन्‌महिने टिकतं, शिकारीला थांबायला नको.

अनुजा_के:
आणि दर तासाला पाइप ओढायला थांबायचे, त्यावरूनच अंतर मोजायचे. हा तलाव तीन पाइपचा वगैरे 😄